पिकनिकचा के

पन्हाळ्याची सहल झाली की दुसऱ्या दिवशी इंग्रजीच्या तासाला पाचवीने पाच ओळी लिहायच्या, हा आमच्या शाळेचा ठरलेला कार्यक्रम. तीन दरवाजा, सज्जाकोठी यांची स्पेलिंगं पोरं बिनधास्त ठोकून देतात. यंदा मात्र निम्म्याहून जास्त वह्यांत पिकनिकच्या शेवटी सीके! बघून लिहिलं म्हणून झाडणार होते, तेवढ्यात मागच्या बाकावरचं एक पोरगं उठलं.

"बाई, तुम्हीच सांगितलासा की, छोटा स्वर आला की सीके."

खरंच होतं. आठवडाभर तेच चाललं होतं. बॅक, नेक, सिक, लॉक, डक: एकच छोटा स्वर, लगेच क, मग सीके. मध्ये दुसरं व्यंजन घुसलं, मिल्क, डेस्क, बँक, तर नुसता के. स्वराला अक्षरं दोन लागली, बुक, वीक, तरी नुसता के. आणि बेक, बाइक, जोकमध्ये के-पुढे गप्प बसणारा ई. मराठी माध्यमाच्या पोरांचा कान चांगला असतो, पण आपण त्यांना "बी ए सी के बॅक" पाढ्यासारखं घोकायला लावतो. याचा मला जुना राग आहे.

मग नियमाला शेपूट जोडलं. सीके एका झटक्यात म्हणायच्या शब्दांना. पब्लिक, म्युझिक, पिकनिक असे 'इक'ने संपणारे लांब शब्द बहुतेक नुसत्या सीवर थांबतात. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या शब्दकोशात म्युझिक, पब्लिक सीके लावूनच छापलेत, अमेरिकेत वेबस्टरच्या १८२८ च्या कोशात तो के गेलेला दिसतो, हेही सांगितलं. पोरगं खूश! अडीचशे वर्षांपूर्वी त्याचा नियम चालला असता.

तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "मग पिकनिकिंग कसं लिहायचं?"

मी फळ्यावर सीला थेट आयएनजी जोडलं आणि म्हटलं, वाचा. सीपुढे ई, आय, वाय आला की स होतो, सिटी, सर्कस, सायकल, हे त्यांना पाठ होतं.

"पिकनिसिंग!"

वर्ग असा हसला की शेजारच्या वर्गातले सर डोकावले. "कायतर घाला की मध्ये," कुणीतरी ओरडलं. काय घालायचं ते मी सांगायच्या आत तिघा-चौघांनी के म्हटलं. इंग्रजी तेच करतं, सी आणि आयच्या मध्ये के घालतं. मागच्या बाकावर तर मॅच जिंकल्यासारखी टाळ्याटाळी.

गृहपाठ दिला: येता-जाता पाट्या वाचा, क-ने संपणारे इंग्रजी शब्द लिहून आणा. ट्रक, स्टॉक, बँक, क्लिनिक, सगळं आलं. एकीने बिंदू चौकातला 'चौक' आणला. इंग्रजी शब्द आण म्हटलं होतं, असं मी म्हणणार, तर ती आधीच सांगून मोकळी:

"बाई, ओ डब्ल्यू दोन अक्षरं हायत, म्हणून नुसता के."