जिप्सी किंगचा वॉबल: किंगपिन उघडल्यावर काय दिसले

ताशी साठच्या आसपास स्टिअरिंग हातातून हिसकावून घेणारा वॉबल, म्हणजे पुढच्या चाकांची जोरदार थरथर, गेला आहे. गुहागरजवळच्या शृंगारतळीच्या पुढे सड्यावर रस्त्याला जो आडवा चर आहे, त्यावरून जाताना आमची जिप्सी (चारही चाकांना ताकद देणारी मारुतीची छोटी गाडी) हमखास भडकत असे आणि वेग पूर्ण उतरवल्याशिवाय शांत होत नसे. तिथूनच ती आता सरळ, मुकाट्याने जाते. कार्ब्युरेटरच्या ओव्हरहॉलिंगची हकीकत या नोंदीत द्यायची ठरली होती, पण ती पुढे ढकलतो, कारण किंगपिनमध्ये, म्हणजे पुढचे चाक ज्या खुंटीभोवती वळते तिच्यात, जे सापडले ते समुद्रकाठच्या प्रत्येक जिप्सीवाल्याने वाचावे असे मला मनापासून वाटते.

चाकांचे बॅलन्सिंग, टाय रॉड आणि ड्रॅग लिंक या स्टिअरिंगच्या दांड्यांची टोके, व्हील बेअरिंगची जुळणी आणि शेवटी नवा स्टिअरिंग डँपर (हादरे शोषणारी नळी), हा सगळा क्रम आधीच्या नोंदींत आलेला आहे. डँपर बसवल्यावर काही काळ थरथर दबली आणि मग पूर्वीच्याच जोमाने परतली. डँपर बदला की वॉबल जातो, हे मत आपल्या मंडळींत फार प्रचलित आहे आणि मला ते घातक वाटते. डँपर थरथर झाकतो, तिचे कारण तसेच राहते आणि त्या काळात आतले बेअरिंग अधिक खराब होत जाते.

कारण समजून घेण्यासाठी थोडा हिशेब मांडला. गाडीला २०५/७० आर १५ मापाचे टायर आहेत. त्यांचा परीघ साधारण २.१ मीटर भरतो, म्हणजे ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला जवळजवळ आठ फेरे घेते. पुढच्या अखंड एक्सलवर दोन्ही चाके एकाच टाय रॉडने बांधलेली असल्यामुळे एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्यालाही वळवतो, त्याची प्रतिक्रिया पहिल्याकडे येते, आणि हे डोलणे चाकांच्या फेऱ्यांशी जुळले की वाढतच जाते. त्याला आवर घालणारी वस्तू म्हणजे नकलच्या, म्हणजे चाक धरून वळणाऱ्या भागाच्या, वर आणि खाली बसलेली किंगपिनची बेअरिंगे. ती शिमच्या (पातळ चकत्यांच्या) साहाय्याने मुद्दाम ताणाखाली ठेवलेली असतात. ताण संपला की नकल मोकळा डोलतो.

गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली हलवले तेव्हा खेळ जाणवत नव्हता. बहुतेक गॅरेजांत तपासणी इथेच संपते, आणि माझ्या गाडीचीही याआधी अशीच संपत आली होती. या वेळी टाय रॉड सोडवून नकल हाताने सावकाश फिरवून पाहिला. डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत तो सैल फिरत होता, मात्र चाक सरळ दिशेला आले की खाचेत पडल्यासारखा अडकत होता. मासळी तोलायचा ताणकाटा टाय रॉडच्या भोकात अडकवून ओढला, तर खाचेबाहेर उजवा नकल अर्धा किलोदेखील न दाखवता हलला. वॉबलचा त्रास असलेल्या प्रत्येकाने सुटे भाग मागवण्याआधी ही परीक्षा करावी. ताणकाटा बाजारात कोणाकडेही उसना मिळतो.

उघडल्यावर खालच्या बेअरिंगमध्ये ग्रीस नव्हते, तांबूस चिखल होता. बेअरिंगचा कप (बाहेरचे कडे) पुसून उजेडात धरला तेव्हा त्यावर रोलरच्या आकाराच्या रेघा एका ओळीत उमटलेल्या स्पष्ट दिसल्या. गाडी बहुतेक काळ सरळ चालते, त्यामुळे हे रोलर पूर्ण फेरा कधीच घेत नाहीत. ते एकाच जागी उभे राहून रस्त्याचा मार खातात. ग्रीस असेतोवर धातूंमध्ये थर राहतो, ते धुऊन गेले की रोलर कपावर ठोकत राहतात आणि गंज त्या जागा आणखी कोरतो. ही गाडी माझ्याकडे येण्यापूर्वी कित्येक वर्षे पुळणीवरून होड्या ओढण्याच्या कामाला होती. पुढच्या एक्सलच्या टोकाला जो गोल हाउसिंग आहे, त्यावर फेल्ट आणि रबर यांचे सील घासत असते. त्या गोलावर गंजाचे खड्डे पडले की नवे सीलदेखील थोड्याच दिवसांत फाटते आणि खारे पाणी बारीक वाळूसकट आत शिरते. म्हणून फक्त बेअरिंग बदलून भागत नाही. दोन्ही गोल आधी जाड्या, मग पाण्यावर चालणाऱ्या बारीक पॉलिश पेपरने घासून नख अडकणार नाही इतके गुळगुळीत केले. या कामाला बेअरिंगपेक्षा जास्त वेळ लागला आणि तो सार्थकी लागला.

जुना कप मात्र हाउसिंगमधून हलायला तयार नव्हता. पंच लावायला आतून पुरेशी कडा मिळत नव्हती आणि अधिक ठोकले असते तर हाउसिंगच दुखावले असते. चिपळूणच्या मिस्त्रींनी त्यावर जो उपाय केला तो पाहून मन भरून आले. त्यांनी कपाच्या आतल्या बाजूने वेल्डिंगचा एक फेरा ओढला आणि गाडीला हात न लावता चहा मागवला. थंड होताना कप आकसला आणि चहा संपल्यावर त्यांनी तो बोटांनी उचलून माझ्या हातात ठेवला. हाउसिंगवर एक ओरखडाही नव्हता.

सुट्या भागांबद्दल माझे मत ठाम झाले आहे. बेअरिंग गाडीच्या नावाने मागू नये, त्याच्या कड्यावर कोरलेल्या क्रमांकाने मागावे आणि शक्यतो बेअरिंगच्याच दुकानातून घ्यावे. गाडीचे नाव सांगितले की घोळ होतो, कारण जिप्सी हे नाव एक असले तरी गाड्या अनेक आहेत. डिसेंबर १९८५ मध्ये आलेली पहिली जिप्सी जपानच्या सुझुकी एसजे४१० वर बेतलेली होती, ९७० सीसी इंजिनाची आणि चार गिअरची. १९९३ मध्ये डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर, म्हणजे ट्रॅक, ९० मिलिमीटरने वाढले, १९९६ मध्ये १२९८ सीसी आणि पाच गिअरची किंग आली, २००० मध्ये त्याच क्षमतेच्या इंजिनाला एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल सोडण्याची पद्धत) मिळाले. घरपोच भाग पाठवणाऱ्या एका विक्रेत्याने मला अरुंद एक्सलचा टाय रॉड पाठवला होता तो याच घोळातून. मागणी नोंदवताना माझ्या गाडीचे वर्ष आणि रुंद ट्रॅक दोन्ही लिहिलेले होते, तरीही परत घेताना त्याने खळखळ केली.

या एक्सलची मुळे मात्र आणखी मागे जातात, आणि त्यांचा आजच्या दुरुस्तीशी सरळ संबंध आहे. १९०९ मध्ये हामामात्सु येथे मिचिओ सुझुकी यांनी माग बनवण्याचा कारखाना काढला, आणि त्यातून वाढलेल्या कंपनीने १९५५ मध्ये सुझुलाइट ही पहिली मोटार आणली. छोटी फोर बाय फोर मात्र तिने शून्यातून घडवली नाही. होप मोटर कंपनी या लहानशा जपानी उत्पादकाच्या ओएन३६० गाडीचे हक्क साठच्या दशकाच्या अखेरीस घेऊन, ती सुधारून, १९७० मध्ये एलजे१० ही पहिली जिम्नी आणली. तिचे इंजिन अवघे ३५९ सीसीचे, टू-स्ट्रोक होते. शिडीसारखी चासी, पुढे-मागे अखंड एक्सल आणि चढ-चिखलासाठीचा वेगळा छोटा गिअर ही मांडणी तेव्हापासून आजच्या जिम्नीपर्यंत टिकली आहे. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) जागी कॉइल स्प्रिंग आल्या, पण नकल अजूनही किंगपिनवरच फिरतो. इतक्या दीर्घ काळ एकच विचार धरून ठेवणारे कारखाने थोडे आहेत. जुनी जिप्सी चिपळूणसारख्या गावात दुरुस्त होऊ शकते, याचे बरेचसे श्रेय या सातत्याला आहे असे मी मानतो.

नवी बेअरिंगे बसवताना जुन्या शिमपैकी ०.१ मिलिमीटरची एक काढली, सील घालण्यापूर्वी ताणकाट्यावर ओढ पाहिली आणि दोन्ही बाजू सारख्या येईपर्यंत पुन्हा उघडल्या. सील बसवल्यानंतर मोजले तर रबराचे घर्षण त्यात मिसळते, म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. सड्यावरची चाचणी वर सांगितलीच. जिम्नी बाळगणारे रत्नागिरीचे एक स्नेही त्या दिवशी बरोबर होते आणि आम्ही गाड्यांची अदलाबदल करून पाहिली. त्यांची गाडी अधिक स्थिर आणि अधिक सुखाची आहे हे निर्विवाद, आणि गुरुग्रामला बनणाऱ्या याच पाच दारांच्या जिम्नीला २०२५ च्या आरंभी जपानमध्ये अवघ्या चार दिवसांत सुमारे पन्नास हजार मागण्या येऊन नोंदणी थांबवावी लागली, यात मला नवल वाटत नाही. तरीही पावसाळ्यात जांभ्याच्या निसरड्या पायवाटेवरून बागेत पोहोचायचे असेल, तर जेमतेम टनभर वजनाची, उघड्या अंगाची जिप्सीच हवी, असे कलमांचे बागायतदार अजूनही सांगतात. तिची पेट्रोलची भूक आणि मागच्या आडव्या बाकांवर बसणाऱ्यांचे हाल तेही नाकारत नाहीत. मला दोन्ही बाजू पटतात, आणि माझी पसंती जिप्सीला आहे.

महामार्गाच्या काँक्रीटवर सत्तरच्या पुढे मात्र स्टिअरिंगमध्ये एक हलकी चाळवाचाळव उरली होती. वॉबल नव्हे, पण वळण घेऊन सोडल्यावर चाके आपणहून सरळ होण्यात आळस करत होती. अलाइनमेंटवाल्यांनी टो (चाकांची तोंडे आत-बाहेर किती वळली आहेत ते) पाहून गाडी ठीक असल्याचे सांगितले. कॅस्टर (किंगपिनचा मागचा कल) मोजण्याचा आग्रह धरला तेव्हा तो फारच कमी निघाला. कारण पुढच्या पाट्यांना लावलेले लांब शॅकल, म्हणजे पाट्या चासीला जोडणारे झुलते दुवे. गाडी उंच दिसावी म्हणून पूर्वी कोणीतरी ते बसवले आहेत. जिप्सीच्या पुढच्या पाट्यांचे शॅकल पुढच्या टोकाला असतात, त्यामुळे ते लांब केले की एक्सल पुढे कलतो, किंगपिनचा मागचा कल घटतो आणि चाकांना सरळ धरणारी ओढ कमी होते. एक्सलखाली तिरक्या पट्ट्या घालून कॅस्टर परत आणण्याचा विचार होता, पण हे लिहितानाच तो मी रद्द करत आहे. पट्टीने कॅस्टर सुधारला तरी एक्सल मागे कलतो आणि पुढच्या प्रॉपेलर शाफ्टच्या जॉइंटचा कोन बिघडतो. मूळ लांबीचे शॅकल बसवले की हे दोन्ही प्रश्न मिटतात, उंची गेली तर जाऊ दे.

त्यासाठी शॅकलचे बोल्ट सोडवताना उजव्या बाजूला चासीवरच्या हँगरवर (शॅकल धरणाऱ्या ब्रॅकेटवर) हातोडी टेकवली, आणि गंजाचा पापुद्रा निघून खाली पत्रा कागदासारखा पातळ झालेला दिसला. त्यामुळे बाहेरच्या रंगाचे काम गणपतीनंतर. मृगाआधी हँगर कापून जाड पत्र्याचा नवा वेल्ड करायचा, चासीच्या पोकळीत साठलेली वाळू गोड्या पाण्याच्या दाबाने धुवायची, ती पूर्ण वाळू द्यायची आणि मगच आत मेणयुक्त गंजरोधक फवारायचे. ओल कोंडून वर मेण बसवले तर गंज आतल्या आत वाढतो. रुंद ट्रॅकच्या किंगचे मूळ शॅकल ज्यांच्याकडे सुटे असतील, त्यांनी भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे माप कळवावे. बाजारात मूळ म्हणून मिळणाऱ्या दोन जोड्यांची मापे एकमेकींशी जुळत नाहीत.