स्टो-ऑन-द-वोल्ड: दगड दहा मिनिटांचा, चिखल दोन तासांचा

आधीच सांगतो, इंग्लंडच्या पहिल्या यादवी युद्धातल्या (राजा विरुद्ध पार्लमेंट) शेवटच्या मोठ्या लढाईचा स्मारक-दगड स्टो गावातल्या सेंट एडवर्ड्स चर्चच्या आवारात आहे, पण लढाई तिथे सुरू झाली नाही, फक्त संपली गावात. मला ऑफिसातल्या एकाने "अरे मैदान चर्चच्या मागेच, दहा मिनिटं" असं छातीठोक सांगितलेलं. सोमवारी गाठतो त्याला. मैदान उत्तरेला डॉनिंग्टनकडे, दीडेक मैलावर, आणि नेमकं कुठलं शेत यावर इतिहासकारांचंच एकमत नाही.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून मोर्टन-इन-मार्शपर्यंत ट्रेन, दीडेक तास, काही त्रास नाही. तिथून स्टो चारेक मैल. रविवारी बसच्या भरवशावर राहू नका, मी राहिलो आणि मग टॅक्सीवाल्याने २८ पौंड काढले, तेही बसल्यावर सांगून. सरळ लूट आहे. दार उघडायच्या आधी भाव ठरवा नाहीतर शनिवारी जा.

आता तो चिखल. गावातून शेतांमधली पायवाट धरली, पहिला अर्धा मैल मस्त, मग प्रत्येक फाटकापाशी गुरांनी तुडवून तुडवून खीर केलेली, एका जागी घोट्याच्या वर गेलो आणि बूट काढायला दोन्ही हात लागले. वॉटरप्रूफ बूट होते हां, तरी. मार्चमध्ये गेलो कारण लढाई २१ मार्च १६४६ ची, म्हटलं तारीख जुळवू. मूर्खपणा. मे-जूनमध्ये जा.

पण तिथे पोचल्यावर डोक्यात प्रकाश पडला. राजा पहिल्या चार्ल्सचा म्हातारा सेनापती सर जेकब अ‍ॅस्टली, साठी कधीच ओलांडलेला, तीनेक हजार माणसं घेऊन ऑक्सफर्डला राजाकडे निघालेला, त्याने उंचवट्यावर फळी लावली आणि पार्लमेंटवाले खालून चढून आले, पहिला हल्ला परतवलाही, पण पार्लमेंटच्या बाजूच्या ब्रेरेटनच्या घोडदळाने राजाच्या फौजेची बाजू मोडली आणि सगळे स्टोकडे पळाले. मला उतारावर धाप लागलेली, ते चिलखत घालून चढले!

अ‍ॅस्टली पकडल्यावर ढोलावर बसला आणि जिंकलेल्यांना म्हणाला की तुमचं काम झालं, आता खेळा, आपसात भांडला नाहीत तर. कैदी रात्री चर्चमध्येच कोंडले होते. आत कॅप्टन हेस्टिंग्ज कीटची शिळा आहे, तो याच लढाईत पडला. रविवारी प्रार्थना संपेपर्यंत थांबावं लागतं. डिगबेथ स्ट्रीटवर इतकं रक्त वाहिलं की बदकं आंघोळ करत होती असं सांगतात, मला ती लोणकढी थाप वाटते.

गर्दी सगळी चर्चच्या उत्तरेच्या दाराशी, दोन यू नावाच्या जुन्या झाडांमधलं दार, फोटोसाठी रांग. लढाईच्या दगडापाशी मी एकटा.

बूट धुवायला कुठे काही सापडलं नाही, मार्केट स्क्वेअरच्या बाकावर बसून काटकीने खरवडले. जुनी प्लास्टिकची पिशवी न्या, परतीच्या ट्रेनमध्ये लोक बघतात.