पिवळ्या फ्रेंच हंडीत लोणचं घालू नका

नैऋत्य फ्रान्समधल्या खेड्यांत पूर्वी वापरली जाणारी कॉन्फीची, म्हणजे चरबीत शिजवून टिकवलेल्या मांसाची, हंडी एकदा पाहिली की विसरत नाही. पोट फुगीर, खांद्याला दोन आखूड कान, वरचा भाग गर्द पिवळा आणि खाली उघडी, मळकट माती. परदेशी राहणाऱ्या मुलांच्या सामानातून अशी एखादी हंडी वडोदऱ्याच्या घरात येते आणि कैऱ्यांचे दिवस असले तर पहिला विचार येतो तो लोणच्याचा. तेवढं मात्र करू नका.

ही हंडी चरबीसाठी घडवलेली आहे. बदकाच्या तंगड्यांना मीठ चोळून रात्रभर ठेवायचं, मग बदकाच्याच चरबीत मंद आचेवर दोन-तीन तास शिजवायच्या, हंडीत रचायच्या आणि तुकडा कुठेही वर डोकावणार नाही इतकी वितळलेली चरबी ओतायची. आपण लोणच्यावर तेल तरंगतं ठेवतो, त्याच हिशेबाने. मग हंडी तळघरात जाई. खालचा भाग वाळूत किंवा मातीत पुरला जाई, म्हणून बाहेरून तिथे झिलई दिली नाही, असं सांगतात. झिलई वाचवण्याचाही हेतू असणारच; पुरल्यावर जे दिसणार नाही त्यावर कुंभार कशाला खर्च करेल?

खरा फरक भट्टीत आहे. आपली तपकिरी-पांढरी लोणच्याची बरणी साधारण 1200 अंशांच्या पुढे भाजतात. तिची माती आतून काचेसारखी घट्ट होते, आंबट, खारट काहीही मुरत नाही. फ्रेंच हंडी 1000 अंशांच्या आसपास भाजलेली, म्हणून सच्छिद्र. एवढ्या कमी आचेवर झिलई वितळावी म्हणून तिथले कुंभार शिशाचं खनिज, गॅलेना, दळून वापरत. त्याला ते अल्कीफू म्हणत. मातीवर आधी पांढऱ्या मातीचा पातळ थर, त्यावर ही झिलई. लोहाच्या अंशाने पिवळा रंग येतो, तांबं घातलं की हिरवा. कैरी, लिंबू, व्हिनेगर यांतलं आम्ल हे विषारी शिसं ओढून घेतं, आणि हिरव्या झिलईतून ते जास्तच सुटतं, कारण तांब्यामुळे शिशाची पकड सैल होते. छुंदा तर उन्हात मुरायला ठेवायचा. त्याला हे भांडं सगळ्यात वाईट. ताक, चिंचेचं सार, टोमॅटोही नको.

शिसं ओळखण्याच्या कांड्या मिळतात. ओली कांडी झिलईवर चोळल्यावर गुलाबी झाली तर शिसं आहेच. रंग आला नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. प्रयोगशाळेत 4 टक्के अॅसिटिक आम्ल 24 तास भांड्यात ठेवून किती शिसं उतरलं ते मोजतात; भरवसा त्याचा.

विकत घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. ओलं फडकं फिरवलं की उघड्या मातीवरचा तडा काळ्या रेघेसारखा उठून दिसतो. झीज कुठे आहे तेही पाहा. खरी जुनी हंडी कानांवर, काठावर आणि बुडाला झिजलेली असते, म्हणजे हात लागतो आणि भांडं घासतं तिथे. सगळीकडे सारखेच टवके असतील तर ते मुद्दाम पाडलेले समजा.

स्वच्छ करताना ब्लीच हा सगळ्यात मोठा घात. त्याचे क्षार छिद्रांत बसतात, सुकताना त्यांचे स्फटिक होतात आणि आतून झिलई उचलतात. काही महिन्यांनी पापुद्रे गळू लागले की मग हळहळून उपयोग नाही. आधी हंडी साध्या पाण्यात काही तास बुडवून ठेवा, म्हणजे डाग आणखी आत ओढला जात नाही. औषधाच्या दुकानातलं 6 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड तितक्याच पाण्यात मिसळा, कापूस भिजवून डागावर ठेवा, वरून प्लॅस्टिक गुंडाळा. दुसऱ्या दिवशी कापूस बदला. जुन्या चरबीचे डाग दोन-तीन वेळा तरी घेतात. शेवटी पुन्हा साध्या पाण्यात, रोज पाणी बदलत, चार-पाच दिवस. नंतर सावलीत वाळवा, उन्हात नाही. आत चरबी राहिली असेल तर मे महिन्यात बुडाशी चिकट ओल येते आणि खवट वास सुटतो. तेव्हा हाच क्रम पुन्हा.

पावसाळ्यात उघड्या बुडावर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी असेलच असं नाही. हवेतल्या ओलाव्याने आतलं मीठ विरघळतं आणि कोरड्या दिवसांत पृष्ठभागावर येऊन सुकतं. मऊ ब्रशने झाडून घ्या आणि पाण्यात बुडवण्याचा क्रम पुन्हा करा. भिंतीला टेकवून ठेवू नका, खाली लाकडी पट्ट्या ठेवा.

फुलांसाठी ती फार शोभते. पण थेट पाणी ओतू नका, बूड पाझरतं आणि लाकडी टेबलावर गोल डाग पडतो. आत उंच स्टीलचा पेला ठेवा, पाणी त्यात. निशिगंधाच्या पाच-सहा कांड्या त्या गळ्यात नीट उभ्या राहतात.