फणसाड: काशिदला जाताना अर्धा दिवस इथे काढा

सुट्टीच्या दिवशी साळाव पूल ओलांडला की बहुतेक गाड्या काशिद-मुरूडच्या किनाऱ्याकडे पळतात. रायगड जिल्ह्यातल्या फणसाड अभयारण्यासाठी सुपेगावची वाट धरणारी एखादीच. समुद्रापासून इतक्या जवळ असं सलग रान कोकणात आता फारसं उरलेलं नाही, त्यामुळे पुळण एका दुपारपुरती सोडायला हरकत नाही.

हे रान टिकलं ते शिकारीमुळे, हे जरा विचित्रच. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांनी ते स्वतःच्या शिकारीसाठी राखून ठेवलं होतं. नवाबी गेली, आणि 1986 मध्ये या रानाचं अभयारण्य झालं. संरक्षणाने काय साधलं हे बघायला आत शिरायचीही गरज नाही. येतानाच डोंगर उतारावर लाल माती उघडी पडलेली, तारेची कुंपणं, प्लॉट विक्रीचे फलक असं सगळं दिसत राहतं. हद्द ओलांडली की डोक्यावर पानांचं छत मिटतं आणि हवा एकदम बदलते.

ऐन, किंजळ, जांभूळ, अंजनी अशी झाडी, आणि त्यांना लपेटलेल्या गारंबीच्या वेली, काही तर मांडीएवढ्या जाड. आम्हाला शेकरू आधी ऐकू आलं. कर्कश ओरडत ते फांद्यांमधून निघालं आणि एका उडीत पलीकडच्या झाडावर. महाराष्ट्राचा हा राज्यप्राणी जमिनीवर क्वचितच उतरतो. खाणं, झोपणं, पिल्लं वाढवणं, सगळं वरच. एकच शेकरू बऱ्याच झाडांवर घरटी बांधतं. म्हणजे त्याला नुसती झाडं पुरत नाहीत, फांदीला फांदी लागलेली हवी. मधून रुंद रस्ता काढला, तर उरलेली झाडं कितीही जपा, त्याच्या रानाचे दोन तुकडे झालेच. तुरळक झाडांच्या दहा टेकड्यांपेक्षा सलग राखलेलं एक रान मोलाचं, ते यासाठी.

दुसरी बघण्याची गोष्ट म्हणजे गाण. जंगलातल्या नैसर्गिक पाणवठ्यांना इथे हेच नाव आहे. एप्रिल-मे मध्ये ओढे आटतात तेव्हा सांबर, भेकर, रानडुकरं, वानरं सगळी या पाण्यावर येतात. बिबट्याही इथे आहे, पण तो दिसेल या आशेने येऊ नका. काठावर बसून डबा उघडणारे लोक बघितले की चिडायला होतं. तुम्ही तिथे तासभर बसलात तर तेवढा वेळ तहानलेलं जनावर झाडीत खोळंबतं. लांबून, आडोशाने बघा आणि निघा.

अभयारण्याने सगळंच भागतं असंही नाही. पांढऱ्या पाठीची गिधाडं या भागात आहेत. त्यांच्यासाठी मेलेली गुरं आणून टाकण्याचा प्रयोग वनखात्याने इथे केलेला आहे. पण गिधाड कुठली हद्द मानणार? दूरच्या एखाद्या गावात डायक्लोफिनॅक (गिधाडांना जीवघेणं ठरणारं वेदनाशामक) टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं, तर फणसाडमधली राखण त्याच्या काय कामाची? जनावरांसाठी या औषधावर 2006 मध्ये बंदी आली. पुढचं काम जंगलाबाहेरचं आहे, गोठ्यातलं आणि औषधाच्या दुकानातलं. घरट्यांना उंच झाडं लागतात, तीही गावाने आपल्या वाडीत राखायला हवीत.

आता जाणाऱ्यांसाठी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चालायला उत्तम. प्राणी बघायचे असतील तर उन्हाळा बरा, पण घामाने हैराण व्हाल. पावसाळ्यात जायचं असेल तर प्रवेश चालू आहे का, हे वनखात्याकडे विचारूनच घरून निघा. मुंबईहून अलिबाग-रेवदंडा मार्गे या. रोह्याकडूनही येता येतं. एसटीवर विसंबायचं तर परतीची वेळ आधी विचारून ठेवा. प्रवेशशुल्कासाठी सुटे पैसे जवळ असू द्या, फोनच्या रेंजवर भरवसा नको. गावातला वाटाड्या घ्याच. वाटांना फाटे बरेच आहेत, आणि ज्या ठशावरून आम्ही खुशाल पुढे गेलो असतो त्यापाशी आमचे वाटाडे काका थांबले. शिवाय पैसे गावात राहतात. जंगल राखण्यात गावाचा फायदा दिसला पाहिजे, नाहीतर राखणार कोण?

भडक कपडे नकोत. घोट्यापर्यंतचे बूट, माणशी दोन लिटर पाणी आणि दुर्बीण एवढं पुरे. स्पीकर गाडीतच राहू द्या. फाटक उघडल्या उघडल्या आत शिरा. दहानंतर पक्षीही गप्प होतात आणि दम फक्त तुमचा निघतो. दुपारचं जेवण मुरूडला, तिथून जंजिऱ्याची होडी सहज मिळते. होड्या भरती-ओहोटी आणि वाऱ्यावर अवलंबून, तेव्हा धक्क्यावर चौकशी करूनच जेवायला बसा.