नाइन मेन्स मॉरिस: पट चिखलात, खेळ ओट्यावर

मागच्या नोंदीत लिहिलं होतं, पाऊस लागायच्या आत अंगणातल्या हिरवळीवर नाइन मेन्स मॉरिस या जुन्या इंग्रजी बैठ्या खेळाचा पट कापतो. कापला. तिसऱ्याच दिवशी तो चिखलाने भरला.

चिडायला हवं होतं, पण हसूच आलं. शेक्सपिअरच्या 'अ मिडसमर नाइट्स ड्रीम'मध्ये परीराणी टायटॅनियाची हीच तक्रार आहे: तिच्या आणि नवऱ्याच्या, ओबेरॉनच्या, भांडणापायी ऋतू बिघडले, शेतं बुडाली, नाइन मेन्स मॉरिसचे पट चिखलाने बुजले. नाटक 1595-96 च्या सुमाराचं. तेव्हा इंग्लंडात लागोपाठ काही वर्षं पावसाने पिकं नासली होती. प्रेक्षकांना ही ओळ समजावून सांगावी लागली नसेल.

शेक्सपिअरच्या वॉरिकशरमधली मेंढपाळ पोरं चाकूने हिरवळ कापून हा पट करत, असं अठराव्या शतकातल्या एका टीपेत आहे. चौकोन कधी फूटभर, कधी तीन-चार यार्डांचा. मी फूटभर धरला आणि तिथेच फसलो. हरळीच्या मुळ्या खुरप्याला दाद देईनात, आतला चौकोन इतका बारका झाला की रेघांमधली माती ढासळून नुसता खड्डा उरला. दुसरा पट तीन फुटांचा: एकात एक तीन चौकोन, बाजूंचे मध्य जोडलेले, गडी ठेवायची 24 ठाणी. त्या टीपेतल्या पटाचे कोपरेही जोडलेले आहेत. मी ते सोडले, आधी साधा खेळ तरी जमू दे.

प्रत्येकाचे नऊ गडी. एकाकडे लाकडी खुंट्या, दुसऱ्याकडे खडे. कडुनिंबाच्या काडीच्या नऊ खुंट्या तासल्या. ओल्या मातीत त्या खटकन रुततात आणि अंगण उतरतं असलं तरी हलत नाहीत. खडे मात्र घरंगळतात. तिघांची ओळ जमली की समोरच्याचा एक गडी मारायचा. मारलेले गडी सगळ्यात आतल्या चौकोनात टाकायचे. त्या जागेला ते लोक 'पाउंड' म्हणत, म्हणजे आपला कोंडवाडा. मी आता कोंडवाडाच म्हणतो.

हे सगळं पाहून आई म्हणाली, "अरे, ही तर नवकांकरी! त्यासाठी अंगण कशाला खणलंस? खडूने आखायची." मग ओट्यावर खडू, तिचे खडे, माझे चिंचोके. सलग सात डाव हरलो.

हरण्याचं कारण चौथ्या डावात उमगलं. मी कोपरे धरत होतो. कोपऱ्यावरून फक्त दोन वाटा निघतात. तीनपैकी मधल्या चौकोनाच्या बाजूंच्या मध्यावरून चार. आई आधी ती चार ठाणी अडवते. शिवाय गडी मांडतानाच ती येरझारीची सोय करून ठेवते: एक खडा इकडे सरकला की तिघांची ओळ, तिकडे सरकला की दुसरी ओळ. दर चालीला माझा एक चिंचोका कोंडवाड्यात. दोघांनी अचूक खेळलं तर डाव बरोबरीत सुटतो, हे 1993 मध्ये संगणकाने दाखवून दिलंय. आईला हे सांगितलं. "मग खेळ की अचूक," म्हणाली.

हिरवळीवरचा पट आता दसऱ्यानंतर, जमीन वाळल्यावर. सध्याचा हिशेब आई 11, मी 2, आणि त्या दोनातला एक डाव ती दूध उतू जातंय म्हणून अर्ध्यात टाकून उठली होती.