दाब किती, गळती किती, आणि ते मला कोण दाखवणार

वेंगुर्ल्यात राहून झोपेच्या आजारावर उपचार घ्यायचे तर पणजी गाठायची, नाहीतर घाट चढून कोल्हापूर. मला पणजी सोयीची. तपासणी तिथल्या एका रुग्णालयात झाली आणि स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हापुन्हा अडण्याचा आजार, असल्याचं कळलं. मात्र त्यावरचं, झोपेत हवेच्या दाबानं श्वासाची वाट उघडी ठेवणारं योग्य मशीन मिळवण्याचा खटाटोप पुढे कितीतरी महिने पुरला, म्हणून मी मुख्यतः त्याबद्दलच लिहिते आहे.

हा आजार घोरणाऱ्या, पोट सुटलेल्या पुरुषांचा, अशी आपल्याकडे समजूत आहे. मी पन्नाशी ओलांडलेली शिक्षिका, अंगानं बेताची, थायरॉइडची गोळी चालू असलेली. माझी तक्रार घोरण्याची नव्हतीच. सकाळी डोकं जड, रात्री लघवीसाठी पुन्हापुन्हा उठणं, आणि दुपारच्या तासाला फळ्यासमोर उभी असतानाच डोळे मिटणं. पाळी गेल्यानंतर बायकांमध्ये हा आजार वाढतो, पण मला त्याऐवजी वयाचा थकवा म्हणून टॉनिकं लिहून मिळत होती. हे मला फार लागलं. माझ्या वयाच्या किती बायका अशाच टॉनिकं पीत असतील!

तपासणीच्या रात्री डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून झोपवतात. नंतर हातात एक पानभर सारांश देतात. मी पूर्ण रिपोर्ट मागितला, आणि तुम्हीही मागा. तो आपलाच असतो. त्यात एएचआय नावाचा आकडा असतो: तासाला सरासरी किती वेळा श्वास निदान दहा सेकंद थांबला किंवा फार उथळ झाला, याची मोजदाद. ५ च्या आत ठीक, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. माझा ३४ होता, आणि रक्तातला ऑक्सिजन एका क्षणी ७९ टक्क्यांवर उतरला होता. सारांशात नसलेली एक गोष्ट पूर्ण रिपोर्टात सापडली. उताणी झोपल्यावर माझा आकडा कुशीवरच्यापेक्षा जवळजवळ दुप्पट होत होता. मशीनचा दाब ठरवताना हे पुढे फार उपयोगी पडलं.

उपाय म्हणजे सीपॅप. झोपेत घशाचे मऊ भाग सैल होऊन श्वासाची वाट मिटते. नाकावाटे सतत सोडलेली हवा त्या वाटेला आतून टेकू देते. सिडनीच्या कॉलिन सुलिवान यांनी १९८१ मध्ये हा उपचार जगापुढे मांडला. दाब मोजतात पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये, साधारण ४ ते २०. काही मशीनं एकच ठरलेला दाब देतात. ऑटो मशीन श्वास पाहून ठरवलेल्या दोन मर्यादांमध्ये दाब वरखाली करतं. माझा दाब कूस बदलली की बदलणार, म्हणून डॉक्टरांनी ऑटो लिहून दिलं.

इथून डीलरशी गाठ पडली. पहिल्यानं बायपॅप घ्यायला सांगितलं, 'त्यात सगळं येतं' म्हणून. बायपॅपमध्ये श्वास घेताना जास्त आणि सोडताना कमी असे दोन दाब असतात. खूप मोठा दाब लागणाऱ्यांना किंवा शरीरात कार्बन डायऑक्साइड साठणाऱ्यांना ते लागतं. माझ्या रिपोर्टात तसं काही नव्हतं, आणि डॉक्टरांनीही गरज नाही म्हणून स्पष्ट सांगितलं. जास्त किमतीचं म्हणजे जास्त चांगलं, असं या बाबतीत मुळीच नाही. दुसऱ्यानं स्वस्त मशीन दाखवलं. मी विचारलं, "हे रात्रभर काय नोंदवतं?" तो म्हणाला, "किती तास वापरलं ते दिसतं ना मॅडम." एवढंच. श्वास किती वेळा अडला, मास्कमधून हवा किती गळली, दाब कुठपर्यंत चढला, यातलं काहीही त्यात नोंदलं जात नव्हतं.

असं मशीन घेऊ नका. हे मी कळकळीनं सांगते. रक्तदाबाची गोळी लागू पडते की नाही हे पट्टा बांधून कळतं; सीपॅप लागू पडतंय का, हे झोपलेल्या माणसाला मशीनच्या नोंदीशिवाय कसं कळणार? तास भरले म्हणून श्वास सुधारला असं होत नाही. एसडी कार्डावर किंवा मोबाइलवर एएचआय, गळती आणि दाब, हे तिन्ही रोजच्या रोज दिसायला हवेत, आणि ते डॉक्टरांइतकेच आपल्यालाही दिसायला हवेत.

मुंबईतल्या नात्यातून एक वापरलेलं मशीन अगदी कमी पैशात मिळत होतं. मी आधी मॉडेल आणि कधीचं आहे ते विचारलं. जून २०२१ मध्ये फिलिप्सनं आपली लाखो मशीनं परत मागवली होती. आवाज दाबण्यासाठी आत बसवलेला फोम झिजून त्याचे कण आणि वायू श्वासात जाण्याचा धोका होता. उष्ण आणि दमट हवेत हा फोम जास्त बिघडू शकतो, असंही तेव्हा सांगितलं गेलं. आमच्याकडे तर जूनपासून कपाटातल्या साड्यांना बुरशी येते. नातलगांकडच्या मशीनवर मॉडेलचं लेबलच उरलं नव्हतं, तेव्हा मी नाही म्हटलं.

शेवटी एका डीलरनं मशीन आधी भाड्यानं द्यायचं कबूल केलं. माझ्या मते यासारखी दुसरी सोय नाही. ज्याच्याकडून घेणार तो भाड्यानं द्यायला तयार नसेल, तर निदान मास्क बदलून देण्याची कबुली तरी लिहून घ्यावी.

कारण खरी लढाई मास्कची. पहिल्यांदा मला नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क दिला, मापही न घेता. नाकाच्या हाडावर वळ उठला, कूस बदलली की डोळ्यांत हवा जायची. मग नुसत्या नाकावरचा घेतला. तो बसला, पण माझं नाक पावसाळ्यात चोंदतं आणि मग तोंड उघडून सगळी हवा तिथून जाते. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात मारायचा फवारा आणि मिठाच्या पाण्यानं नाक धुणं सुरू केलं, तेव्हा कुठे जमलं. मास्क बसून नव्हे, आडवं होऊन आणि हवा चालू ठेवून लावून पाहायचा असतो, कारण पडल्यावर चेहऱ्याची ठेवण बदलते. पट्टे आवळून गळती थांबत नाही, बहुधा वाढतेच.

मशीन आलं आणि पहिल्याच रात्री जीव घुसमटला. सुरुवातीची हवाच पुरेना. कार्ड काढून मुलाच्या लॅपटॉपवर पाहिलं. ऑस्कर नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते कार्डावरची रात्र आलेखात उलगडून दाखवतं. दिसलं ते असं: डॉक्टरांच्या चिठ्ठीत ७ ते १४ लिहिलेलं असताना मशीन ४ ते २० वर होतं, कारखान्यातून आलं तसंच. रात्रीचा बराच भाग दाब कमी, श्वास अडतोय, मशीन मागून धावतंय. मशीन लावूनही उरलेला एएचआय ११. मी स्वतः दाबाला हात लावला नाही. आलेख छापून डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तो शांतपणे पाहिला, खालची मर्यादा चिठ्ठीतल्यापेक्षाही वर, ८ वर नेली आणि डीलरला फोन करून बदलून घेतली. पुढच्या आठवड्याच्या नोंदीत आकडा ३ च्या खाली होता. नोंदी न ठेवणारं मशीन असतं तर 'हळूहळू सवय होईल' हे ऐकत मी ते माळ्यावर टाकलं असतं. अशी माळ्यावरची मशीनं मी आता ओळखीच्या घरांत पाहिली आहेत.

आलेखात अडलेल्या श्वासांचे प्रकारही वेगळे दिसतात. वाट मिटल्यामुळे अडलेला श्वास वेगळा आणि वाट उघडी असून मेंदूनंच श्वास घ्यायला न सांगितलेला वेगळा. दुसऱ्या प्रकारचे सतत बरेच दिसू लागले तर दाब वाढवून भागत नाही, डॉक्टरांना दाखवावं लागतं. माझ्याकडे ते तुरळकच होते.

सासूबाईंची काळजी वेगळीच होती. "गो, लाईट गेली तर तुझो श्वास अडकात मां?" प्रश्न अगदी रास्त, आमच्याकडे वादळवाऱ्यात लाईट रात्रभर येत नाही. उत्तर असं की मास्कला श्वास बाहेर जायला बारीक छिद्रं असतात, तोंड-नाक झाकणाऱ्या मास्कला शिवाय हवा थांबली की आपोआप उघडणारी झडप असते, आणि नाकावरच्या मास्कमध्ये तोंड मोकळंच राहतं. गुदमरत नाही, पण उपचार तेवढा वेळ बंद पडतो. म्हणून इन्व्हर्टर घेतला, शुद्ध साइन वेव्हचा. मशीनला वीज तशी थोडी लागते. जास्त ओढतो तो हवा ओलसर करण्यासाठी पाणी तापवणारा ह्युमिडिफायर. लाईट गेली की मी तो बंद करते.

तसाही जुलै-ऑगस्टमध्ये तो अगदी कमीवर ठेवते, नाहीतर नळीत पाणी साचून नाकावर थेंब येतात. डिसेंबर-जानेवारीत मात्र पहाटे नाक कोरडं पडतं, तेव्हा वाढवते. सकाळी टाकीतलं पाणी ओतून टाकायचं, शिळ्यावर नवं घालायचं नाही. पाणी डिस्टिल्ड, विहिरीचं नाही. फिल्टर इथल्या दमट हवेत लवकर कळकट होतो, म्हणून पुस्तिकेतल्या मुदतीची वाट न पाहता बघून बदलते.

विम्यातून पैसे मिळाले नाहीत. माझ्या पॉलिसीत घरी वापरायची उपकरणं बसत नव्हती. घेण्याआधी हे लेखी विचारून ठेवावं.

चतुर्थीला घर भरलं की माजघरात सगळ्या बायकांबरोबर झोपायचं असतं. यंदा एक्स्टेन्शन बोर्ड लावून मशीन तिथेच ठेवलं. चुलत नणंदेनं ते पाहिलं आणि सकाळी हळूच विचारलं, तिचंही डोकं रोज जड असतं म्हणे. तिला झोपाळूपणाची आठ प्रश्नांची एपवर्थ यादी भरायला दिली. एकूण २४ पैकी १० च्या वर गेलं तर दिवसाची झोप जास्त समजतात. तिचे १५ आले. पुढच्या महिन्यात मी माझ्या मास्कमधून पहाटे होणारी हवेची गळती दाखवायला पणजीला जाणार आहे, तेव्हा तिलाही बरोबर नेते आहे.