शेतातल्या समाध्या आणि सातबारा

अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर भागात लिंगायत घरातल्या माणसाला स्वतःच्या शेतात समाधी देण्याची रीत जुनी आहे. देह बसलेल्या स्थितीत ठेवतात, तळहातावर इष्टलिंग (गळ्यात धारण करायचे छोटे लिंग) असते, वर विभूती आणि माती पडते, आणि पुढे सवडीने दगडी चौथरा बांधला जातो. आमच्या शेतातही बांधालगत असे चौथरे आहेत. पेरणीला तिफण तेवढी जागा सोडून वळते. घरात वाटणीचा विषय निघाला तेव्हा या जागेचे कायद्यात स्थान काय, हे मी नीट पाहिले.

सातबाऱ्यावर तिचा मागमूसही नाही. एखादा समाज किंवा गाव दफनभूमी म्हणून वापरते ती जमीन पोटखराब (लागवडीखाली न येणारी जमीन) वर्ग 'ब' मध्ये धरली जाते, पण एका घराचे चार चौथरे त्या व्याख्येत सहसा बसत नाहीत. त्यामुळे शेत विकले की चौथऱ्यांखालची मातीही खरेदीदाराच्या मालकीची होते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०१ ने दफनस्थळाच्या विटंबनेला शिक्षा सांगितली आहे, मात्र भावना दुखावण्याचा हेतू किंवा तशी जाणीव सिद्ध करावी लागते. पूजेला जाण्याची वाट त्या कलमाने मिळत नाही. वहिवाटीचा हक्क सांगायचा तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे २० वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्काने वापर दाखवावा लागतो. शेत आपलेच होते तो काळ त्यात मोजला जात नाही, आणि नव्या मालकाच्या परवानगीने गेलेली वर्षेही नाहीत.

दोन गुंठे वगळून बाकीचे विकू, असे आमचे काका म्हणाले. त्याला १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो, कारण ठरलेल्या किमान क्षेत्रापेक्षा लहान तुकडा तो पाडू देत नाही. म्हणून माझे ठाम मत असे आहे की वाटणीपत्रात किंवा खरेदीखतातच समाध्यांची चतुःसीमा, जाण्यायेण्याची वाट आणि जागा न मोडण्याची अट स्पष्ट लिहावी, दस्त नोंदवावा आणि फेरफार होताना ती अट सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घेण्यासाठी लेखी अर्ज द्यावा. वडीलधारी माणसे हयात असताना हे सहज होते. नंतर नातवंडांना समाधी कोणाची हेही सांगता येत नाही.

नव्या दफनाचा प्रश्न वेगळा आहे. छत्तीसगडच्या एका ख्रिस्ती कुटुंबाच्या प्रकरणात २७ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे मत दुभंगले: न्या. नागरत्ना यांनी खासगी शेतात दफनाला मुभा द्यावी असे म्हटले, न्या. सतीशचंद्र शर्मा यांनी नेमलेल्या जागेचाच आग्रह धरला. शेवटी दुसऱ्या गावातल्या ख्रिस्ती दफनभूमीत अंत्यविधी करण्याचा आदेश झाला, म्हणजे मूळ मुद्दा मोकळाच राहिला. महापालिकेच्या हद्दीत मात्र नोंद नसलेल्या जागी आयुक्तांच्या परवानगीशिवाय दफन करता येत नाही, त्यामुळे सोलापूरच्या हद्दवाढ भागात ज्यांची शेती आहे त्यांनी शेजारच्या खेड्यातली रीत आपल्यालाही लागू आहे असे धरून चालू नये.